हलगी आणि रंगभवन

मुंबईला निघायच्या संध्याकाळी औरंगाबादच्या क्रांती चौकात हलगी तापत होती. उड्डाणपुलाच्या पायाशी दोन पोरांनी वर्तमानपत्राचे बोळे पेटवले होते आणि तिसरा हलगी त्या जाळावर धरून सावकाश फिरवत होता. मधूनच बोटाने टिचकी, मग कान जवळ, मग पुन्हा जाळ. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, ते ताणल्याशिवाय आवाज चढत नाही. मिरवणूक कुणाची होती ते मी विचारलं नाही. आमच्या चौकात मिरवणूक नाही असा आठवडा विरळा.

हा चौक आवाजाचा आहे. १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या शिपायांनी बंड केलं आणि त्यांना याच भागातल्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंड दिला गेला. चौकाच्या नावात ती आठवण आहे. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा इथे पूर्वीपासून होता. पूल झाल्यावर तो पुलापुढे ठेंगणा दिसू लागला, म्हणून चौथरा उंच करून फेब्रुवारी २०२२ मध्ये नवा, मोठा पुतळा बसवला. शिवजयंतीला ढोल-ताशे, चौदा एप्रिलला भीमगीतं, गणपतीत बेंजो. आणि ९ ऑगस्ट २०१६ रोजी पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा इथूनच निघाला. त्या दिवशी मी कडेला उभा होतो. लाखांनी माणसं, घोषणा एकही नाही, नुसता पावलांचा सरसर आवाज. गप्प राहण्यालाही आवाज असतो, हे मी तिथे कानांनी ऐकलं.

या चौकापासून हाकेच्या अंतरावर, समर्थनगरात मी वाढलो, आणि माझ्या खोलीत वेगळंच काही वाजत असायचं. नव्वदचं दशक सुरू झालं होतं. घरोघरी केबल आली होती, आणि पुण्याला शिकणाऱ्या एका मित्राने मला रॉक मशीन या मुंबईच्या बँडची कॅसेट भरून आणून दिली होती. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही नावं वाचून मी चकित झालो होतो. गिटार इतकं तेज वाजवणारी माणसं आपल्यापैकीच असू शकतात, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. कॅसेटची फीत इतकी झिजली की शेवटी एका बाजूचं गाणं दुसऱ्या बाजूला उलटं ऐकू यायचं.

आता मी जात होतो ते त्या काळाच्याही आधीच्या माणसांना भेटायला. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे धाकटे भाऊ गिरगावात राहतात. सत्तरच्या सुमाराला ते मुंबईतल्या एका बीट ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवायचे. भाऊबीजेला आले असता माझ्या खोलीतलं गिटार त्यांनी पाहिलं, हातात घेतलं, जाड तारांवर दोन मिनिटं काही वाजवलं आणि खाली ठेवताना म्हणाले, ‘‘ये एकदा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही कयानीत बसतो. आता चारच उरलोय.’’ त्या ‘चारच’मुळे मी पुढे ढकलायचं सोडून दिलं.

रात्रीच्या गाडीत समोरच्या बाकावर परभणीकडच्या एक मावशी होत्या. गाडी सुटली न सुटली तोच त्यांनी फडक्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा पुढे केला. ‘‘घे रे, एकट्यानं खायला गोड लागत नाही.’’ मराठवाड्यातून निघालेल्या डब्यात माणूस उपाशी झोपत नाही. मनमाड मागे पडलं, सगळे आडवे झाले. पहाटे जाग आली तेव्हा गाडी कसाऱ्याचा घाट उतरत होती. खिडकीबाहेर धुकं, कड्यावरून सुटलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा, आणि हवेतला ओलावा हातावर जाणवण्याइतका. आमच्याकडे पाऊस येतो तेव्हा लोक दारात उभं राहून त्याच्याकडे बघतात. घाटाखाली तो असतोच, त्याच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही.

मुंबईत उतरल्यावर महापालिकेच्या इमारतीसमोरून चालत मेट्रो सिनेमाकडे निघालो. कामा रुग्णालय आलं, आणि त्याला लागून रंगभवनची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी थांबलो आणि पुढे चालू लागलो. त्या गल्लीत एकट्याने जावंसं वाटेना.

धोबीतलावाला आता तलाव नाही आणि धोबीही नाहीत. चौकाच्या एका अंगाला मेट्रो, समोर जेर महाल नावाची जुनी लांबलचक इमारत. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावागावांचे क्लब, म्हणजे कूड. बोटीवर नोकरी शोधायला किंवा वाद्य वाजवून पोट भरायला आलेला गोवेकर आपल्या गावाच्या कुडीत ट्रंक ठेवायचा आणि खाली उतरायचा. खाली वाद्यांचं दुकान, फुर्ताडोज. काचेमागे व्हायोलिनं, ट्रम्पेट, गिटारी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातली पितळी वाद्यं आणि व्हायोलिनं कित्येक वर्षं ज्या हातांनी वाजवली, त्यातले कितीतरी हात या फुटपाथवर उभे राहून काम मिळायची वाट बघत असत. मुंबईत रॉक आलं ते अशा तयार जमिनीत आलं. तालासुरात वाचून वाजवणारी माणसं, वाद्य दुरुस्त करणारी माणसं, वाद्य उधार देणारी माणसं, सगळी एका चौकात होती. आमच्या शहरात नाथसंप्रदायाचं, कव्वालीचं, भजनाचं, जलशाचं गाणं पिढ्यांचं आहे. पण गिटारची एक तार तुटली तर ती मिळवायला मला तेव्हा पुण्याला जाणाऱ्याची वाट बघावी लागायची.

कयानी हे इराणी हॉटेल १९०४ सालचं. वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, चौकड्यांच्या टेबलांवर काच, बरण्यांमध्ये बिस्किटं, आणि उंच छताखाली कपबशांचा किणकिणाट. चौघंजण कोपऱ्यातल्या टेबलावर होते. बेसवाले काका, कॅव्हेलमध्ये राहणारे एक गोवेकर ड्रमर, एक पारशी गिटारवादक जे बोलण्यापेक्षा ब्रून मस्का चहात बुडवण्यात रमले होते, आणि पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या एक बाई, ज्या एके काळी या सगळ्यांसोबत गायच्या. काकांनी ओळख करून दिली, ‘‘हा औरंगाबादचा. बसून ऐकणारा आहे.’’ ड्रमर अंकलनी खुर्ची ओढून दिली. ‘‘बस बाबा. मावा केक सांग, संपतो लवकर.’’

आमच्याकडे चहा उभ्याने पितात. टपरीसमोर, बोटांना चटके देणारा ग्लास, चार घोट, आणि माणूस कामाला. उस्मानपुऱ्यात जेवणानंतर पानाच्या दुकानासमोर जी गर्दी होते तीसुद्धा उभीच. गप्पा उभ्याने होतात म्हणून त्या छोट्या असतात, नेमक्या असतात, आणि त्यात समोरच्याला बोलू देण्यापेक्षा आपलं सांगून मोकळं होणं जास्त. कयानीत एका चहावर दीड तास कुणी उठवत नाही. चौघंही एकमेकांच्या बोलण्यात न शिरता, पाळी आल्यासारखे बोलत होते. बँडमध्ये वाजवलेली माणसं अशीच बोलत असावीत. दुसऱ्याचा सोलो चालू असताना हात आवरायचा असतो.

‘‘आम्ही शिकलो कसं, ते विचार,’’ काका म्हणाले. ‘‘रेकॉर्ड आणायची कुणीतरी विमानातून. नाहीतर भाड्याने. रेकॉर्ड प्लेअरवर तेव्हा चार वेग असायचे. तेहेतीसची तबकडी सोळावर लावायची. गाणं निम्म्या वेगाने चालतं आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. मग जो तुकडा विजेसारखा निघून जायचा तो समोर चालत येतो. एकेक सूर वेचायचा. रात्रभर. वडील दार ठोठावून विचारायचे, कुणी मेलंय का, इतकं रडकं काय लावलंयस.’’

‘‘आणि गिटार?’’

पारशी काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. बाहेरचं गिटार आणायचं तर जकात इतकी, की त्या पैशात स्कूटर आली असती, असं ते म्हणाले. देशी गिटार घ्यायचं, टेलिफोनच्या रिसिव्हरमधलं चुंबक आणि वेटोळं काढून ते तारांखाली बसवायचं, आणि वायर रेडिओच्या मागे खोचायची. दोन बोटं पुढे करून त्यांनी मला दाखवलं, चुंबक तारेपासून किती अंतरावर हवं ते. एका तांदळाची जाडी. जास्त जवळ आलं तर तार ओढली जाते आणि सूर थरथरतो. लांब गेलं तर आवाज मरतो. पन्नास वर्षांनंतरही त्यांची बोटं त्या अंतरावर अचूक थांबत होती.

मला आमचा बेंजो आठवला. बुलबुलतरंगाच्या लाकडी पेटीत कुणीतरी पिकअप बसवला, वायर अॅम्प्लिफायरला जोडली, तो अहुजाच्या भोंग्यातून बाहेर काढला, आणि महाराष्ट्रातल्या मिरवणुकांना विजेवर चालणारं तंतुवाद्य मिळालं. भोंगा फाटतो, सूर किरटा आणि खरबरीत होतो, आणि तोच खरबरीतपणा नाचणाऱ्याच्या अंगात शिरतो. रॉकवाले हजारो रुपयांची पेटी पायाशी ठेवून जो फाटका आवाज मिळवतात, तो आमच्या पोरांना आपोआप मिळाला होता. २०१६ साली रवी जाधवांनी ‘बँजो’ नावाचा सिनेमा केला तेव्हा हे वाद्य पडद्यावर आलं. पण गिटार आणि बेंजो एकाच युक्तीची लेकरं आहेत, हे मला कळलं ते त्या पारशी बोटांमुळे. मी ते बोलून दाखवलं तेव्हा पारशी काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘पुढच्या वेळेला घेऊन ये. उघडून बघू.’’

मग स्पर्धांच्या गोष्टी निघाल्या. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी कंपनीने देशभरच्या बीट ग्रुपांची स्पर्धा घ्यायला सुरुवात केली होती. निवडक बँडांच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या तबकड्या निघाल्या. त्या आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. ‘‘सिगारेटच्या धुरातून का होईना, पण एकमेकांची तोंडं दिसली,’’ गाणाऱ्या बाई म्हणाल्या. ‘‘तोवर मद्रासचा बँड कसा वाजवतो, कलकत्त्याचा कसा, आम्हाला काय ठाऊक?’’ बाईमाणूस बँडमध्ये म्हणून लोक काय म्हणायचे, असं मी विचारलं. ‘‘लोक काही म्हणत नव्हते. कार्यक्रम संपल्यावर घरी कोण सोडणार, हा एकच प्रश्न असायचा. तो प्रश्न सुटत नाही म्हणून मी सोडलं.’’ त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की पुढे विचारायला काही उरलं नाही. या संगीतात बायकांची नावं कमी का, याची लांबलचक उत्तरं मी पुष्कळ वाचली आहेत. एवढं पुरेसं उत्तर मला आधी मिळालं नव्हतं.

१९७२ चा विषय निघणारच होता. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट त्या वर्षी मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि एका रात्री कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या क्लबात, मागून घेतलेल्या वाद्यांवर, इथल्याच पोरांच्या साथीने वाजवलं. त्या दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण थेट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘‘तुम्ही होतात तिथे?’’ मी विचारलं.

‘‘आता विचारशील तर अर्धी मुंबई तिथे होती,’’ काका म्हणाले. ‘‘मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी कळलं. मला मामेबहिणीच्या साखरपुड्याला डोंबिवलीला नेलं होतं.’’ आवाजात जुना सल होता, पण तक्रार नव्हती.

त्यांना खरा सल होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘‘आम्ही नक्कल उत्तम करायचो. डोळे मिटले तर लोकांना वाटावं रेकॉर्ड वाजते आहे. तेच कौतुक होतं. आमचं स्वतःचं एक गाणं होतं. एकच. आम्ही ते स्टेजवर कधी वाजवलं नाही. लोक उठून जातील म्हणून.’’

इथे मला माझी कॅसेट आठवली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीननेही आधी इतरांचीच गाणी वाजवली; पण १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि लोकांसमोर तीच गाणी मांडायचा हट्ट धरला. पुढे १९९३ मध्ये नाव बदलून ते इंडस क्रीड झाले. त्यांच्यानंतर आलेल्या पेंटाग्रामला तर ‘तुमचीच गाणी का वाजवता’ असं कुणी विचारलं नाही, आणि २००५ मध्ये तो बँड इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात उभा राहिला. मधल्या पंधरा-वीस वर्षांत वाजवणारे तेवढ्याच तयारीचे होते. बदलले होते ते ऐकणारे. नवं, अनोळखी गाणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हजार-दोन हजार माणसं शिकली होती, आणि ती हे जिथे शिकली ती जागा कयानीपासून पाच मिनिटांवर होती.

‘‘चला,’’ ड्रमर अंकल काठी घेत म्हणाले. ‘‘ह्याला गल्लीत न्यायचंय ना?’’

मेट्रोवरून झेवियर्स कॉलेजच्या दगडी भिंतीच्या कडेने आम्ही चाललो. गल्ली अरुंद आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर इथे शहीद झाले, आणि तेव्हापासून ‘रंगभवनची गल्ली’ म्हटलं की महाराष्ट्राला तेच आठवतं. चौघंही तिथे आल्यावर गप्प झाले. बाईंनी पदर सावरून हात जोडले. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो.

रंगभवन हे उघडं थिएटर होतं. वर छत नाही, आजूबाजूला झाडं, मागे कॉलेजचे मनोरे. १९७८ मध्ये पहिली जॅझ यात्रा इथे भरली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक इथे वाजवून गेला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू केला आणि ऑगस्टमधले ते दिवस देशभरच्या पोरांची पंढरी झाले. मी हा शब्द विचार करून वापरतो आहे. अलाहाबादसारख्या गावातून १९९३ मध्ये रॉकला वाहिलेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू शकलं, कारण गावोगावचे माझ्यासारखे वाचक या एका जागेकडे डोळे लावून बसले होते. रेल्वेच्या साध्या डब्यात बसून, पाठीवर पिशवी घेऊन, ओळखदेख नसलेली माणसं इथे एकमेकांना बिडी-काडी आणि वडापाव देत उभी असायची. मीही आलो होतो. घरी सांगितलं होतं मित्राच्या बहिणीचं लग्न आहे. पाऊस कोसळत होता, पायाखाली चिखल होता, स्टेजवर कुणीतरी प्लास्टिक धरून अॅम्प्लिफायर झाकत होतं. नावडता बँड आला की लोक बाटल्या फेकायचे, शिव्या घालायचे. ते मला आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण मग कुणीतरी एक संथ, कुणाच्याही ओळखीचं नसलेलं गाणं सुरू केलं आणि दोन हजार माणसं भिजत गप्प उभी राहिली. त्या वयात मी पहिल्यांदाच पाहिलं, की न नाचताही गर्दी गाण्यात असू शकते. आमच्या चौकात गाणं चालतं आणि माणसं त्याच्याबरोबर चालतात. इथे गाणं एका जागी होतं आणि माणसं त्याच्याकडे तोंड करून उभी होती.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका अंगाला रुग्णालय, दुसऱ्या अंगाला कॉलेज. पुढे इथले कार्यक्रम थांबले. बाळंतीण बाईला झोप मिळायलाच हवी, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एक जागा काढून घेतली तर दुसरी द्यावी लागते. अंधेरीच्या मैदानात, जुहूच्या हॉटेलात, पुढे पबमध्ये, कॉलेजांच्या महोत्सवांत संगीत गेलं. २०१० पासून पुण्याला वीकेंडर महोत्सव भरू लागला. तिथे आवाज उत्तम असतो, प्रकाश उत्तम असतो. तिकीट मात्र माझ्या तेव्हाच्या खिशाला परवडलं नसतं, आणि लग्नाची थाप मारून निघालेला जिल्ह्यातला पोरगा पबच्या दारातून आत जात नाही. हे मला सलतं.

‘‘मी इथे वाजवलंय,’’ अंकल बंद फाटकाकडे बघत म्हणाले. ‘‘जॅझ. रॉकवाल्यांच्या आधी. पावसाळा नव्हता, थंडी होती. प्लास्टिकच्या कातड्याचे ड्रम आले होते तेव्हा, पण माझ्या स्नेअरला पप्पांनी दिलेलं वासराचं कातडं होतं. चल घरी, दाखवतो.’’

पारशी काका आणि बाई तिथूनच परतले. आम्ही तिघं काळा घोड्याला वळसा घालून गेलो, कारण काकांना ऱ्हिदम हाऊसची पाटी बघायची होती. हे दुकान २०१६ मध्ये बंद झालं. इथल्या छोट्या खोल्यांत रेकॉर्ड लावून ऐकायला मिळायची, विकत घेतलीच पाहिजे असं नसे, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी अर्धं संगीत त्या उधारीवर ऐकलं. फुटपाथवर उभं राहून ते मला नंदू भेंडेंबद्दल सांगू लागले. आत्माराम भेंडेंचा मुलगा, रॉक बँडमध्ये गाणारा, १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झालेला. ‘‘आणि १९७८ मध्ये तोच माणूस पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठीत उभा राहिला. जब्बार पटेलांनी बसवलेला प्रयोग. मी बायकोला घेऊन गेलो होतो. तोच घसा, तीच धमक, आणि शब्द आपले. माझे हात खुर्चीवर वाजायला लागले. बायको म्हणाली, बरं वाटत नाहीये का? मला रडू येत होतं. म्हटलं, हे असं करता येत होतं तर! पण तोवर मी बँकेत लागलो होतो, गिटार विकून झालं होतं.’’ नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. आज अभंग रिपोस्टसारखा बँड संतांचे अभंग गिटार-ड्रमवर मांडतो तेव्हा तरुण श्रोत्यांना ते नवीन वाटत नाही. नवलाचा वाटा आधीच्या कुणीतरी उचललेला असतो.

कॅव्हेल म्हणजे चिराबाजाराच्या पोटातल्या गल्ल्या. लाकडी जिने, दारावर क्रूस, खिडकीत तुळशीसारखी जपलेली कुंड्यांतली झाडं. आंटींनी सोरपोतेल आणि पाव वाढला. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटाशी घरधनी बसत नाही, आधी वाढतो, आग्रह करतो, मग जेवतो. इथे सगळे एकदम बसले आणि हवं ते ज्याने त्याने घेतलं. आग्रह नसल्याने मी आधी संकोचलो. मग अंकलनी न विचारता तिसरा पाव माझ्या ताटात टाकला.

जेवणानंतर पलंगाखालून त्यांनी स्नेअर काढला. निकेलचा काठ काळवंडलेला, मधलं कातडं पिवळसर, मध्यावर काठ्यांनी घासून गुळगुळीत झालेलं, आणि कडेला एक जुना टाका. त्यांनी काठी मारली. आवाज मेलेला, पोत्यावर मारल्यासारखा. ‘‘पावसाळ्यात असंच,’’ ते म्हणाले. मग उशाकडचा टेबललँप ओढला, ड्रम उपडा करून बल्बवर धरला आणि हळूहळू फिरवू लागले. मधूनच बोटाने टिचकी. मग कान जवळ. मग पुन्हा दिवा. ‘‘पप्पा हॉटेलात वाजवायचे तेव्हा ड्रमच्या पोटातच बल्ब लावायचे. आख्खी रात्र जळत ठेवायचे.’’

मी म्हणालो, ‘‘अंकल, काल संध्याकाळी आमच्या चौकात एक पोरगा हेच करत होता. कागदाच्या जाळावर.’’

‘‘काय वाजवतो?’’

‘‘हलगी.’’

त्यांनी हात थांबवला नाही. ‘‘एका हातात धरतात, दोन काड्या, एक बारीक, एक जाड?’’

‘‘तीच.’’

‘‘ऐकलीय. लालबागला. फार कडक.’’ पुन्हा टिचकी. आवाज आता चढला होता, कोरडा आणि टणटणीत. त्यांनी काकांकडे पाहिलं. ‘‘वाजव तुझं गाणं.’’

काकांनी आधी नाही म्हटलं. मग भिंतीला टेकून बसले आणि तोंडाने बेसच्या ओळी म्हणू लागले. शब्द इंग्रजी होते, पण ताल लेझमीचा होता. गिरगावच्या शाळेत पी.टी.च्या तासाला घोटलेला. अंकल दोन ब्रशांनी हलकेच साथ धरत होते, आंटी दारात उभ्या होत्या. पन्नास वर्षं न वाजलेलं गाणं चार मिनिटांत संपलं. मधलं एक कडवं काकांना आठवलं नाही. तिथे ते थांबले आणि अंकल नुसता ताल धरून राहिले, आठ मात्रा, सोळा मात्रा, काका परत येईपर्यंत. गाणं संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आंटींनी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्रांती चौकात परत आलो. पुतळ्याभोवती रोषणाई होती, पुलाखाली पुन्हा गर्दी, पुन्हा कागदाचा जाळ. बहुधा तीच पोरं. नान-खलियाच्या दुकानाकडे जाणारे लोक स्कूटर हळू करून बघत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि अंकलना फोन लावला. म्हटलं, ऐका, आणि फोन हलगीवाल्याच्या दिशेने धरला. त्याने दोन-तीनदा वाजवून बघितलं. इतक्या कलकलाटात तिकडे काय पोचत असेल असं वाटून मी फोन कानाला लावला.

‘‘त्याला सांग,’’ अंकल म्हणाले, ‘‘डाव्या कडेला अजून ओल आहे. एक कागद आणखी पेटव म्हणावं.’’

मी पोराला सांगितलं. त्याने माझ्याकडे, मग फोनकडे पाहिलं, डाव्या कडेवर टिचकी मारली, कान लावला आणि मित्राला म्हणाला, ‘‘ए, पेपर आण रे.’’